इंग्रजी निबंध: रचना आणि विस्तार याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथले प्रश्न शाळकरी मुलांपासून परदेशी विद्यापीठात अर्ज करणाऱ्यांपर्यंत सगळ्यांचे आहेत. उदाहरणांसाठी एकच विषय धरला आहे: ‘शहरातली सार्वजनिक वाहतूक मोफत असावी का?’ उदाहरणांतली वाक्यं मुद्दाम मराठीत दिली आहेत. लक्ष भाषेकडे न जाता बांधणीकडे राहावं, एवढाच हेतू.

मराठीत मला निबंध छान जमतो. इंग्रजीत वेगळं काय करायचं?

शाळेतल्या मराठी निबंधात वर्णन असतं, कल्पनाविलास असतो. ‘सूर्य उगवला नाही तर’ यावर लिहिताना विषयाभोवती रमत गेलेलं चालतं, उलट त्यातच गंमत असते. इंग्रजीतही वर्णनात्मक आणि कथनात्मक निबंध आहेत. पण परीक्षेत, कॉलेजात किंवा अर्जासोबत ‘एसे’ मागतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांना युक्तिवाद हवा असतो. एक विधान करा आणि ते पटवून द्या. तुम्हाला काय म्हणायचं आहे हे वाचकाला पहिल्या परिच्छेदातच कळायला हवं, शेवटच्या ओळीपर्यंत ताणायचं नाही.

रॉबर्ट कॅप्लान या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये असं मांडलं की प्रत्येक भाषेत लिखित विचार पुढे नेण्याची धाटणी वेगळी असते आणि इंग्रजी परिच्छेद सरळ रेषेत चालतो. इतर भाषांबद्दलची त्याची विधानं फार ढोबळ होती, त्यावर टीका झाली आणि पुढे त्याने स्वतःही ती सौम्य केली. इंग्रजी वाचकाच्या अपेक्षेबद्दलचं निरीक्षण मात्र कामाचं आहे. मधे आडवाट घेतलीत तर परीक्षक तिला रसिकता म्हणत नाही, विषयांतर म्हणतो.

विषय मिळाल्यावर पहिलं काम कोणतं?

क्रियापद शोधा. ‘डिस्कस’ असेल तर वेगवेगळ्या बाजू तपासायच्या. ‘कम्पेअर’ असेल तर दोन गोष्टी एकाच निकषावर शेजारी ठेवायच्या. ‘टू व्हॉट एक्स्टेंट’ असेल तर नुसतं हो किंवा नाही पुरत नाही, कितपत आणि कोणत्या अटीवर हे सांगावं लागतं. ‘एक्स्प्लेन’ असेल तर तुमचं मत मागितलेलंच नाही.

मग विषयातला मर्यादा घालणारा शब्द पकडा. आपल्या विषयात तो शब्द ‘शहरातली’ आहे. गावाकडच्या एसटीबद्दल दोन सुंदर परिच्छेद लिहिलेत तरी ते वाया जातात.

थिसिस स्टेटमेंट म्हणजे नक्की काय? विषय आणि थिसिस एकच का?

नाही. ‘मोफत वाहतूक’ हा विषय झाला. त्याबद्दल तुम्ही करत असलेला, आणि एखादा शहाणा माणूस नाकारू शकेल असा दावा म्हणजे थिसिस. शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. कोणीच नाकारणार नाही असं वाक्य पटवून द्यायची गरजच नसते, मग निबंध लिहायचा कशासाठी?

हे पाहा: ‘मोफत वाहतुकीचे फायदे आहेत तसे तोटेही आहेत.’ यात खोटं काही नाही, पण हे जगातल्या कोणत्याही गोष्टीबद्दल म्हणता येईल. आता हे पाहा: ‘शहरातली गाड्यांची गर्दी कमी करायची असेल तर तिकीट माफ करण्याआधी बस वाढवायला हव्यात, कारण गाडीवाले बस टाळतात ते तिकिटामुळे नव्हे, तर थांब्यावर ताटकळावं लागतं म्हणून.’

दुसऱ्या वाक्यात निबंधाचा नकाशाच आहे. गाडीवाले बस का टाळतात, यावर एक परिच्छेद. तिकीट माफ केलं तिथे काय झालं, यावर दुसरा. ‘पण गरिबांना तर फायदा होतो ना?’ या आक्षेपावर तिसरा. थिसिसमध्ये ‘कारण’ आलं की रचना अर्धी झाली असं समजा. थिसिस लिहूनही पुढे काय लिहावं हे सुचत नसेल, तर बहुधा त्यात कारण नसतं.

मुद्देच सुचत नाहीत, तेव्हा?

दहा मिनिटं कागदावर काहीही लिहा, मराठीत लिहा, तुटक लिहा. मग स्वतःला विचारा: या निर्णयाने कोणाचा फायदा, कोणाचं नुकसान, पैसा कोण देणार, आणि हे कुठे करून पाहिलंय का? एवढ्या प्रश्नांतून सहसा गरजेपेक्षा जास्त मुद्दे निघतात. खरी अडचण नंतर येते. आठातले पाच मुद्दे टाकून द्यायचे असतात आणि ते जिवावर येतं. टाकाच. आठ मुद्दे उल्लेखण्यापेक्षा दोन मुद्दे पटवलेले बरे.

पाच परिच्छेदांचा साचा वापरावा का?

प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप. अमेरिकी शाळांतून हा साचा पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला आणि तिथून सगळीकडे पसरला. नवख्याला त्याने आधार मिळतो हे खरं. पण ‘तीन’ या आकड्यात काही पवित्र नाही. दोनच मुद्दे दमदार असतील तर तिसरा ओढूनताणून आणू नका. परीक्षकाला तो लगेच ओळखू येतो, कारण तो नेहमी सर्वांत छोटा असतो.

साच्याचा दुसरा तोटा मोठा आहे. त्यातले तीन परिच्छेद अदलाबदल केले तरी बिघडत नाही, कारण त्यांचा एकमेकांशी संबंधच नसतो. चांगल्या निबंधात दुसरा परिच्छेद पहिल्यावर उभा असतो. आपल्या उदाहरणात गाडीवाले वेळेला महत्त्व देतात हे आधी सांगितल्याशिवाय मोफत तिकिटाचा परिणाम का झाला नाही हे कळणार नाही. क्रम बदलून पाहा. काहीच फरक पडला नाही तर तो निबंध नाही, मुद्द्यांची यादी आहे.

प्रस्तावनेची सुरुवात कशी करू?

‘नाऊअडेज’ने नको. ‘सिन्स टाइम इमेमोरिअल’नेही नको. शब्दकोशातल्या व्याख्येने तर नकोच. ‘प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात’ हे इंग्रजीत लिहिलेलं वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की आता नुसतं नाणं दिसलं तरी पान उलटावंसं वाटतं.

थेट प्रश्नापाशी या. लक्झेंबर्गने २९ फेब्रुवारी २०२० पासून देशभरातली सार्वजनिक वाहतूक मोफत केली, असा आपल्या विषयात सुरुवातीला एक ठोस संदर्भ पुरतो. मग त्यातून वाद कोणता उभा राहतो ते एका वाक्यात, आणि मग थिसिस. अडीचशे-तीनशे शब्दांच्या निबंधात प्रस्तावना तीन-चार वाक्यांपुढे जाऊ नये.

एक सोपी युक्ती आहे: प्रस्तावना शेवटी लिहा. परीक्षेत तसं करता येत नसेल तर निदान थिसिस कच्च्या कागदावर आधी पक्का करा. आपल्याला काय म्हणायचंय हे लिहिता लिहिता कळतं. त्यामुळे आधी लिहिलेली प्रस्तावना पुष्कळदा भलत्याच निबंधाची असते.

परिच्छेदात काय काय असावं?

एक परिच्छेद, एक काम. स्कॉटिश विचारवंत अलेक्झांडर बेन याने १८६६ मध्ये परिच्छेदाचे नियम बांधले. सुरुवातीच्या वाक्याने विषय सांगावा आणि सगळी वाक्यं त्याच विषयाशी बांधलेली असावीत, असे ते नियम. आज इंग्रजी वर्गात ‘टॉपिक सेंटेन्स’ म्हणून जे शिकवतात त्याचं मूळ बरंचसं तिथे आहे. प्रत्येक मोठा लेखक हा नियम पाळतो असं नाही. परीक्षक मात्र तोच शोधत असतो.

टॉपिक सेंटेन्समध्ये माहिती नको, दावा हवा. ‘टॅलिनमध्ये २०१३ साली बस मोफत झाली’ ही माहिती आहे. ‘तिकीट माफ केल्याने बसमधली माणसं वाढतात, रस्त्यावरच्या गाड्या कमी होतातच असं नाही’ हा दावा आहे. पहिल्या वाक्यानंतर वाचक ‘बरं, मग?’ म्हणतो. दुसऱ्यानंतर तो ‘कशावरून?’ म्हणतो, आणि तिथून तुम्हाला पुढे लिहायला जागा मिळते.

‘मुद्दा नीट डेव्हलप केलेला नाही’ असा शेरा मिळतो. म्हणजे काय करायचं?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यांत कमी समजलेला प्रश्न हाच. बहुतेकांना वाटतं की मुद्दा फुलवणं म्हणजे तेच वाक्य दुसऱ्या शब्दांत पुन्हा सांगणं. ‘मोफत बस उपयुक्त आहे. तिचा लोकांना खूप फायदा होतो. ती समाजासाठी हितकारक आहे.’ तीन वाक्यं झाली, पण विचार एकच, आणि तोही जागचा हललेला नाही.

मुद्दा फुलतो तो वाचकाच्या प्रश्नांना उत्तरं देत गेल्याने. तुमच्या प्रत्येक दाव्यावर समोर एक चिकित्सक माणूस बसलाय असं समजा. तो विचारतो: म्हणजे काय? कशावरून? असं का होतं? बरं, मग त्याचं काय? या क्रमाने लिहिलेला परिच्छेद पाहा:

‘तिकीट माफ केल्याने बसमधली माणसं वाढतात, पण ती गाडी घरी ठेवून आलेली असतात असं नाही. एस्टोनियाची राजधानी टॅलिन इथे २०१३ मध्ये नोंदणीकृत रहिवाशांसाठी सार्वजनिक वाहतूक मोफत झाली. प्रवासी वाढले, पण आधी पायी जाणारे बरेच जण त्यांत होते. याचं कारण समजण्यासारखं आहे. जवळचं अंतर पायी जाणारा तिकिटाचे पैसे वाचवत असतो, गाडी चालवणारा वेळ वाचवत असतो. तिकीट शून्यावर आणलं तर पहिल्याला बसमध्ये चढायचं कारण मिळतं, दुसऱ्याला मिळत नाही. तेव्हा गाड्या कमी करणं हेच ध्येय असेल, तर तोच पैसा दर पाच मिनिटांनी बस सोडण्यावर खर्च केलेला बरा.’

पहिलं वाक्य दावा. मग ठिकाण आणि साल असलेला पुरावा. पण परिच्छेदाचं वजन ‘याचं कारण’पासून पुढच्या तीन वाक्यांत आहे. पुरावा दाव्याला कसा चिकटतो हे तिथे सांगितलंय. नेमका हाच भाग बहुतेक निबंधांतून गायब असतो. लोक दावा करतात, उदाहरण देतात आणि पुढच्या मुद्द्यावर जातात. वाचकाला सगळं कळलंच असेल, असं गृहीत धरलेलं असतं. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन याने १९५८ मध्ये युक्तिवादाचे भाग वेगळे करून दाखवले, त्यात दावा आणि पुरावा यांना जोडणाऱ्या या दुव्याला त्याने ‘वॉरंट’ हे नाव दिलं. नाव विसरलात तरी चालेल, दुवा लिहायला विसरू नका. शेवटचं वाक्य परिच्छेदाला पुन्हा थिसिसकडे नेतं.

सराव करायचा तर जुना निबंध काढा, त्यातलं प्रत्येक उदाहरण शोधा आणि त्यानंतर ‘यावरून असं दिसतं की’ने सुरू होणारं एक वाक्य जोडून पाहा. ते सुचलंच नाही, तर त्या उदाहरणाचं तिथे काम नाही.

आकडेवारी आठवत नसेल तर अंदाजे लिहू का?

नको. ‘एका सर्वेक्षणानुसार ७५ टक्के लोकांना...’ हे वाक्य परीक्षक दिवसातून कितीदा वाचत असेल, कल्पना करा. कुठलं सर्वेक्षण, ते कोणालाच माहीत नसतं. त्याऐवजी तर्काने पटेल असं ठोस उदाहरण द्या: दोन ठिकाणी काम करणारी व्यक्ती, रात्री दहानंतर बंद होणारी बस. खोट्या आकड्यापेक्षा हे अधिक पटतं. कॉलेजच्या असाइनमेंटमध्ये मात्र आकडा शोधून, स्रोतासह द्यायचा.

विरुद्ध बाजू मांडली तर माझा मुद्दा कमजोर होणार नाही का?

उलट बळकट होतो, फक्त प्रामाणिकपणे मांडा. समोरच्याचा सगळ्यात बिनबुडाचा आक्षेप निवडून तो उडवून लावण्यात काही मिळत नाही. सगळ्यात जड आक्षेप घ्या. आपल्या विषयात तो असा: मोफत बसने गाड्या कमी होवोत न होवोत, कमी उत्पन्न असलेल्यांचा खर्च तर वाचतो. हे खरंच आहे. ते मान्य करा आणि मग फरक दाखवा: ते वेगळं ध्येय आहे, आणि त्यासाठी सर्वांना मोफत न देता गरजूंना सवलतीचा पास देता येतो. मान्य करायचं आणि तरीही आपल्या जागी ठाम राहायचं, यात लेखकाची परिपक्वता दिसते.

आक्षेप कुठे ठेवायचा याचा पक्का नियम नाही. साधारणपणे समारोपाच्या आधी ठेवलेला चांगला. मात्र त्या परिच्छेदाचं शेवटचं वाक्य तुमच्या बाजूचं असू द्या.

हाउएव्हर, मोरओव्हर, फर्दरमोअर असे किती जोडशब्द वापरावेत?

सध्या वापरता त्याच्या निम्मे. प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला जोडशब्द दिसला की आतला विचार जोडलेला नसावा, अशी शंका येते. ‘मोरओव्हर’ तर बऱ्याचदा ‘आता पुढचा मुद्दा’ एवढंच सांगतं.

खरी जोडणी वेगळ्या रीतीने होते. आधीच्या वाक्यात जी गोष्ट नवी होती तिच्यापासून पुढचं वाक्य सुरू करा. एका वाक्याच्या शेवटी ‘प्रतीक्षेचा वेळ’ आला असेल तर पुढचं वाक्य ‘हा वेळ...’ असं सुरू होऊ द्या. इंग्रजीत ‘धिस’ एकटं सोडू नका, पुढे नाम जोडा: ‘धिस डिले’, ‘धिस पॉलिसी’. वाचकाला मागे वळून पाहावं लागत नाही.

समारोपात काय लिहायचं? सगळं पुन्हा सांगायचं का?

छोट्या निबंधात वाचक तुमचे मुद्दे दोन मिनिटांत विसरलेला नसतो. थिसिस पुन्हा सांगा, पण आता मधले परिच्छेद वाचून झालेल्या माणसाला सांगताय अशा शब्दांत. मग एक पाऊल पुढे: हे मान्य केलं तर काय बदलेल, किंवा तुमचं विधान कुठे लागू होत नाही. नवा पुरावा इथे आणायचा नाही. सुविचार आणि आवाहनंही नकोत. ‘चला, आपण सर्वांनी मिळून...’ हे भाषणात शोभतं.

आधी मराठीत लिहून मग भाषांतर केलं तर?

मुद्दे आणि आराखडा मराठीत करा, काहीच हरकत नाही. वाक्यं मात्र इंग्रजीतच बांधा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्य लांबलं तरी सांभाळलं जातं. इंग्रजी वाचकाला कर्ता आणि क्रियापद लवकर आणि जवळजवळ हवं असतं.

भाषांतराच्या खुणा लपत नाहीत. ‘जरी... तरी’ची सवय असल्यामुळे आपण ‘ऑल्दो’ने सुरू केलेल्या वाक्यात पुढे ‘बट’ही घालतो. इंग्रजीत दोन्हींपैकी एकच चालतं. ‘कारण... म्हणून’मुळे ‘बिकॉज’ आणि ‘देअरफोर’ एकाच वाक्यात येतात. आपला लाडका ‘च’ इंग्रजीत ‘ओन्ली’ होऊन भलत्याच जागी बसतो. ‘च्याबद्दल चर्चा’ म्हणून आपण ‘डिस्कस अबाउट’ लिहितो, इंग्रजीत तिथे ‘अबाउट’ लागत नाही. आणि मराठीत ‘अ’ आणि ‘द’ यांना समांतर काही नसल्याने ते सुटतात किंवा उगाच पडतात. त्यासाठी तपासणीची एक वेगळी फेरी ठेवा, ज्यात फक्त नामं पाहायची. प्रत्येक एकवचनी, मोजता येणाऱ्या नामाच्या आधी काहीतरी आहे ना?

भारी शब्द वापरले की गुण वाढतात का?

नेमके शब्द वापरले की वाढतात. ‘प्लेथोरा’ आणि ‘मिरिअड’ यांना थोडी विश्रांती द्या.

परीक्षेत वेळ आणि शब्द कसे सांभाळायचे?

आयईएलटीएस या इंग्रजी भाषेच्या परीक्षेत दुसऱ्या लेखन प्रश्नाला किमान २५० शब्द लागतात आणि त्यासाठी साधारण ४० मिनिटं धरावीत असं सुचवलेलं असतं. तिथे चार निकषांना समान वजन आहे: प्रश्नाला दिलेलं उत्तर, सुसंगती, शब्दसंपदा आणि व्याकरण. म्हणजे फक्त व्याकरणावर मेहनत घेणारा पाव भागासाठी झटत असतो. जीआरई या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेत सप्टेंबर २०२३ पासून एकच निबंध आहे, ३० मिनिटांचा.

४० मिनिटांतली सात-आठ आराखड्याला द्या, शेवटची चार-पाच तपासायला. शेजारचा उमेदवार दुसऱ्या मिनिटाला लिहायला लागतो तेव्हा आराखड्यावर बसून राहणं कठीण जातं. तरी बसा. शब्द मोजण्यात वेळ घालवू नका. आपल्या अक्षरात एका ओळीत किती शब्द बसतात हे घरीच पाहून ठेवा.

तयार निबंध पाठ करून गेलं तर?

विषय थोडा जरी वेगळा आला तरी पाठ केलेला निबंध त्यावर बसत नाही, आणि पाठांतर ओळखायला परीक्षकाला वेळ लागत नाही. परिच्छेद नका पाठ करू. चार-पाच क्षेत्रांतली दोन-दोन खरी उदाहरणं तपशिलासह लक्षात ठेवा.

लिहून झाल्यावर रचना तपासायची कशी?

प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य वेगळ्या कागदावर उतरवा आणि ती सलग वाचा. निबंधाचा सारांश तयार झाला तर रचना ठीक आहे. मधे कुठे उडी वाटली तर तिथे एक पायरी राहून गेलीये. दोन वाक्यं एकच सांगत असतील तर ते परिच्छेद एकत्र करा. मग मोठ्याने वाचा. जिथे श्वास अपुरा पडतो तिथलं वाक्य तोडा. व्याकरण सगळ्यात शेवटी. जो परिच्छेद काढूनच टाकायचाय त्यातले स्वल्पविराम सुधारण्यात काय अर्थ आहे?

‘आय’ वापरलेलं चालतं का?

मत विचारलं असेल तर बिनधास्त वापरा. ‘आय थिंक’ दर वाक्यात मात्र नको. निबंध तुमचाच आहे हे वाचकाला माहीत असतं. शोधनिबंधाच्या धर्तीवरच्या लेखनात विभागाचे किंवा प्राध्यापकांचे नियम विचारून घ्या, कारण ते विषयागणिक बदलतात.